तिखटाच्या पुड्यावरची बाई

कुठलीही वस्तू हातात आली की बाई ती तळहातावर दोनदा हलकेच झेलायच्या आणि डोळे बारीक करून वजन सांगायच्या. फाईल असो, पपई असो, नाहीतर कुणाचं तान्हं मूल असो. आमच्या हेडक्लार्कांनी एकदा नातू ऑफिसात आणला होता. बाईंनी त्याला झेललं आणि म्हणाल्या, "पावनेचार." हेडक्लार्कांनी खिशातून दवाखान्याचा कागद काढला. थोडासा फरक निघाला. बाई म्हणाल्या, "तिथं लंगोट काढून जोखलं असन पोराले."

आणि मग नेहमीचं वाक्य, "चार किलोच्या आत हाय. काई ओझं नाई."

बायकांचा गोळा चार किलोचा असतो. बाई गोळाफेक करायच्या. त्या काळी आमच्या नागपुरात गोळाफेकीत त्यांच्या तोडीची दुसरी बाई नव्हती, आणि राज्यातही एखाददुसरीच असावी. नाव लिहीत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलं आहे ते ओळखतील, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी निदान तिखटाच्या पुड्यावर पाहिलं असेल. तो पुडा तुमच्याही घरात आला असेल. त्यावरच्या चित्राचा मोबदला काय मिळाला आणि कुणाला मिळाला, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मला माहीत आहे. इतकी वर्षं मी बोललो नाही. आता पन्नाशी उलटली आहे आणि घराचं गेट कुणी मोठ्यानं वाजवलं की अजूनही मी हातातलं सोडून उभा राहतो, म्हणून लिहितो आहे.

आमचं ऑफिस सरकारी. खेळाडूंसाठी दोन-चार जागा राखलेल्या असत, त्यातल्या एकीवर बाई लागल्या. रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, घरी धानाची शेती. धानाचं पोतं एका झटक्यात बैलगाडीवर फेकताना शाळेच्या मास्तरांनी पाहिलं आणि हातात गोळा दिला. अर्धा दिवस टेबलावर, अर्धा दिवस मैदानावर. टेबलावर त्यांचं काम म्हणजे आलेलं टपाल वहीत चढवणं. अक्षर मोठं, एकेक ओळ जणू गोळा उचलूनच लिहिलेली. बोलणं पार रामटेककडचं; बाईमाणूस असून "मी जातो, मी येतो" म्हणायच्या, तिकडे सगळ्या म्हणतात तशा. ऑफिसातले पुण्याकडचे एक साहेब आधी दचकायचे.

खेळाडूनं श्रीमंत होणं हे तेव्हा कसं होतं, ते सांगितलं पाहिजे. पगार साधा कारकुनाचा. पदक मिळालं की जादा वेतनवाढ. देशाकडून खेळलं तर दोन जादा वेतनवाढी आणि वरची जागा. बाकी बक्षिसं वस्तूंची. हौशी खेळाडूनं खेळासाठी रोख पैसा घ्यायचा नाही, असा कडक नियम. घेतला तर संघटना कायमची बाहेर काढी. म्हणून बाईंना मिळत भिंतीवरची घड्याळं, सरबताचे काचेचे सेट आणि सुटकेसा. सगळं गावाकडे वाटून टाकायच्या. म्हणायच्या, "आमच्या गावात कोनाच्याई घरात जा भाऊ, भितीवर मायं घड्याळ हाय. टाइम मातर कोनाचाच मिळत नाई."

क्रिकेटवाल्यांचं वेगळं होतं. त्यांचे फोटो मासिकात येत, डोक्याला क्रीम लावलेले, हातात दाढीचं ब्लेड धरलेले. त्यांना तसला नियम नव्हता. आमच्यातला एक जण मासिक पुढे करून चिडवायचा, "बाई, हे डोक्याले क्रीम लावून बंगले बांधून राहिले. तुमी कायची जाहिरात करान?"

"हमालीची," बाई म्हणायच्या. आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसायच्या.

पण हसून झाल्यावर ते मासिक त्या थोडा वेळ बघत राहायच्या. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करत असे, मला दिसायचं. एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, मले बंगला नाई पायजे. माह्या एकटीच्या नावावर जमिनीचा एक तुकडा पायजे. गावचं घर भावायचं हाय. इथं महाल मोहल्ल्यात खोलीवाला दर सहा महिन्यानं इचारते, लग्न कवा करता. करत नाई म्हनलं तं दुसरी खोली पाहा म्हनते."

हे त्यांचं मागणं होतं. एवढंच. पुढचं सगळं याच तुकड्याचं आहे.

मी संध्याकाळी एका शेठजींच्या तिखटाच्या गिरणीत इंग्रजी पत्रं टाइप करायला जात असे. सरकारी नोकरानं दुसरीकडे काम करणं गैरच, पण घरात आई, बायको, दोन मुलं. शेठजी भिवापूरची मिरची कुटून पुडे विकायचे. तिखट चांगलं होतं, पुडा मात्र मेलेला. वर नुसता लाल ठिपका. शेठजींना चित्र हवं होतं, असं की बघूनच जीभ भाजावी.

मी बोलून गेलो, "आमच्या ऑफिसात एक बाई आहेत. चार किलोचा लोखंडी गोळा पंचेचाळीस फुटांच्या आसपास फेकतात."

शेठजी गादीवरून उठून बसले. "तो लाओ न बाईजी को!"

मी बाईंना घेऊन गेलो. शेठजींनी चहा दिला आणि टेबलावर नोटांचा बंडल ठेवला. बाईंनी सवयीनं तो तळहातावर घेतला, आणि मग विस्तव हातात आल्यासारखा परत ठेवला. "नाई शेठजी. पैसा घेतला तं मले काढून टाकतीन. भारताच्या टीमचं सिलेक्शन हाय पुढं."

"पैसा नहीं चलता?"

"नाई चालत."

शेठजी विचारात पडले. त्यांनी त्याच वर्षी प्रतापनगरच्या बाजूला एक शेत घेऊन त्याचा लेआउट पाडला होता. प्लॉट कुणी घेत नव्हतं. तिकडे तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. शेठजी म्हणाले, "जमीन तो पैसा नहीं है न? एक प्लॉट ले लो. तीन बरस तुमचा फोटू माझ्या पुड्यावर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. आनंदापेक्षा त्यात भीती जास्त होती; इतकं सरळ मागणं इतक्या सरळ पुढ्यात येऊन पडलं याची.

पण अडचण होतीच. सरकारी नोकरानं जमीन घेतली की ऑफिसला कळवावं लागतं, कुठून आली ते लिहावं लागतं. तिखटाच्या पुड्यापोटी आली, हे कसं लिहिणार? ऑफिसला लिहिलं की संघटनेला कळणार, संघटनेला कळलं की खेळ संपला. मग बाईंनीच तोड काढली. आमच्याकडे तेव्हा पुष्कळ खेळाडू असं करत. मिळालेलं भावाच्या नावावर, मेव्हण्याच्या नावावर ठेवत. "भावायच्या नावानं करीन तं ते भावायचंच होऊन जाईन," बाई म्हणाल्या. "तुमच्या नावानं करू भाऊ. तुमी शिकेल सवरेल मानूस. माह्या खेळ सुटला की माह्या नावावर करून द्याजा."

मेव्हण्यानं पैसे घालून मला घेऊन दिली, असं मी ऑफिसला कळवलं. रजिस्ट्री माझ्या नावानं झाली. कचेरीत सही केली तेव्हा बाई बाहेर झाडाखाली उभ्या होत्या. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "झालं." त्यांनी रजिस्ट्रीचा कागद घेतला, तळहातावर झेलला. वजन सांगितलं नाही. परत माझ्या हातात दिला.

पेंटरनं चित्र काढलं. बाई गोळा मानेशी धरून उभ्या राहिल्या. ओळखू येऊ नये म्हणून पेंटरनं त्यांना नऊवारी नेसवली, नाकात नथ घातली, अंबाडा बांधला आणि गोळ्याच्या जागी मोठा लाल वरवंटा दिला. चेहरा अगदी निराळा. शेठजी खूश, बाई खूश, मी निर्धास्त.

पुडे बाजारात आले आणि आठ दिवसांत बर्डीच्या भाजीबाजारात एक भाजीवाली बाईंना म्हणाली, "तुमी त्या तिखटावाल्या ना वं?"

"नाई वं माय. तिले तं नथ हाय."

"नथ राहू द्या. खांदा तं तुमचाच हाय."

पेंटरनं सगळं बदललं होतं, खांदा बदलायचा विसरला होता. असा खांदा नागपुरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

तेव्हापासून दुकानात तो पुडा दिसला की मी दुसऱ्या दुकानात जायचो. बाई मात्र दर रविवारी पायी प्लॉटवर जायच्या. चार कोपऱ्यांना चार दगड रोवलेले होते. एका दगडावर बसून त्या भाकरी खायच्या. मी एकदा गेलो होतो त्यांच्यासोबत. भोवती नुसतं गवत. "इथं चूल," त्या हात दाखवत म्हणाल्या, "इथं खाट. आन् इथं, भाऊ, दार. मोठ्ठं दार. आपल्याले वाटन तवा लावाचं, वाटन तवा उघडाचं." मला ते ऐकून हसू आलं. घर म्हणजे त्यांना दारच दिसत होतं.

निवडीला पंधरा दिवस उरले आणि पत्र आलं. संघटनेकडून ऑफिसला, ऑफिसकडून बाईंना. कुणीतरी तिखटाचा पुडाच पाठवला होता. तुम्ही जाहिरातीसाठी मोबदला घेतल्याची तक्रार आहे, आठ दिवसांत खुलासा करा. साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मैदानात उन्हात उभ्या राहिल्यासारखा झाला होता.

मी घरी गेलो आणि जेवलो नाही. मला काळजी त्यांच्या निवडीची होती, असं म्हणायची माझी पद्धत आहे. खरं सांगतो. मला काळजी माझी होती. चौकशी झाली असती तर रजिस्ट्री निघाली असती, मी दिलेली खोटी माहिती निघाली असती, शेठजींकडची नोकरी निघाली असती. दुसऱ्या दिवशी मी बाईंना कँटीनमागे गाठलं. मी बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुमचं नाव नाई येनार भाऊ. मी काईच बोलत नाई. फक्त काय लिहाचं ते लिहून द्या."

मी लिहून दिलं. प्रतिज्ञापत्र. टाइप माझं, भाषा माझी. 'सदर चित्राशी माझा काहीही संबंध नाही. सदर चित्रापोटी मला रोख, वस्तू, जमीन अथवा अन्य कोणत्याही स्वरूपात कधीही काहीही मिळालेले नाही व मिळणार नाही.'

'जमीन' हा शब्द तक्रारीत नव्हता. तो मी घातला. 'व मिळणार नाही' हेही मीच. टाइप करताना बोटं थांबली होती, हे मला आठवतं. मग चालू झाली.

बाईंनी ओळीखाली बोट धरून वाचलं. जमीन या शब्दाशी बोट थांबलं.

"हे तं खोटं हाय ना भाऊ?"

"कागदापुरतं, बाई."

"कागदापुरतंच ना?"

"हो. कागदापुरतंच."

त्यांनी मोठ्या अक्षरात सही केली. मूळ प्रत संघटनेकडे गेली. त्यांच्या सहीसकट कार्बन कॉपी मी ठेवून घेतली. कशाला ठेवली, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. फक्त मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

प्रतिज्ञापत्र मान्य झालं. बाईंची निवड झाली. ऑफिसनं हार घातला, स्टेशनवर सगळे पोचवायला गेलो. परदेशात त्यांचा नंबर बराच खाली लागला. येताना सगळ्या ऑफिससाठी नखं कापायचे कटर आणले. प्रत्येकाला एक, शिपायांना दोन दोन. "तिकडं बाया केवढ्या केवढ्या गा भाऊ! मी त्यायच्यात पोरगी वाटत होतो." दोन जादा वेतनवाढी मिळाल्या. वरची जागा मिळाली. त्यांच्या आयुष्यातली ती दोन वर्षं सगळ्यात चांगली असावीत.

मग खांदा गेला. सरावात काहीतरी तुटलं, हात वर जाईना. खेळ सुटला. एक दिवस टपालाची वही मिटून बाई माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, आता करून टाकू ना ते?"

"थोडं थांबा बाई. लगेच केलं तर संशय येईल. त्या वेतनवाढी परत घेतील, प्रतिज्ञापत्र खोटं म्हणून नोकरीही जाऊ शकते."

त्या घाबरल्या. "नोकरी जाईन?"

"जाऊ शकते."

वर्षभरानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मधे मी एका वकिलाला भेटून आलो होतो. त्यानं सगळं ऐकून सांगितलं होतं, त्या आता खेळत नाहीत, संघटनेला काही घेणंदेणं नाही, तुम्ही खुशाल बक्षीसपत्र करून द्या, कुणी विचारणार नाही. हे मी बाईंना सांगितलं नाही. त्या भेटीबद्दलच सांगितलं नाही. त्यांची भीती माझ्या कामाची होती. मी ती विझू दिली नाही, इतकंच.

का? तोवर प्रतापनगरकडे डांबरी रस्ता आला होता. विजेचे खांब उभे राहिले होते. महालातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आई खोकत होती आणि घरमालक जागा मागत होता. मी दुष्टपणानं काही ठरवलं नव्हतं. मी काहीच ठरवलं नव्हतं, फक्त दर वेळी एक वर्ष पुढे ढकललं होतं.

मग मी बाईंना म्हणालो, "मोकळा प्लॉट राहिला तर कुणी झोपडं टाकेल. कब्जा गेला की कागद काय कामाचा?"

त्यांनी लगेच म्हटलं, "मंग तुमी बांधा ना गा दोन खोल्या. राहा. तुमी तिथं असान तं मले चिंता नाई."

म्हणजे हेही त्यांनीच म्हटलं. सगळं त्यांनीच म्हटलं. मला कधी काही मागावं लागलं नाही.

घर बांधताना बाई रविवारी यायच्या. डाव्या हातानं बादली उचलून भिंतींवर पाणी मारायच्या, भिंत पक्की व्हावी म्हणून. मजूर सिमेंटची थैली दोघांत धरायचे. बाई म्हणायच्या, "ठेवा माह्या डाव्या खांद्यावर," आणि एकट्या आत घेऊन जायच्या. माझी बायको चहा करून द्यायची. दार बसवलं त्या दिवशी बाई आल्या होत्या. सुताराला म्हणाल्या, "थोडं मोठं नाई झालं असतं?" सुतार माझ्याकडे बघून म्हणाला, साहेबांनी माप दिलं तेवढंच केलं. बाईंनी दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मी पाठ फिरवून कोयत्यानं गवत कापत राहिलो.

वास्तुशांतीला त्या आल्या, जेवल्या, आईला नमस्कार केला. आई त्यांना म्हणाली, "तूही आता एखादं घर बघ गं." बाई हसल्या. म्हणाल्या, "पाहू ना माय."

त्या दिवसानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. मी रोज वाट बघत होतो. टेबलाशी आल्या की मी टाइपरायटरवरचा कागद काढून पुन्हा चढवायचो. त्या एखादा कागद ठेवून जायच्या आणि मला वाटायचं, आज नाही, म्हणजे उद्या. काही महिन्यांनी त्यांनी रामटेकच्या ऑफिसात बदली मागून घेतली. निरोपाच्या वेळी मी भाषण केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

त्या गेल्या आणि घरात गेट उरलं. माझं घर, माझं नाव असलेली पाटी, आणि गेट वाजलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. पोस्टमन असायचा, दूधवाला असायचा, शेजारचं कुणी असायचं. बायकोनं कधी मला काही विचारलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं. मुलं मोठी झाली, मागे आणखी एक खोली काढली, वर गच्ची केली. गच्चीवर उभं राहिलं की आता चारी बाजूंना घरंच घरं. कोल्हे कुठे गेले कुणास ठाऊक.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गेट वाजलं. बायको उठली नाही. म्हणाली, "तुम्ही जा बघायला. माझ्याच्यानं आता होत नाही." मी जाऊन आलो, कुणीतरी पत्ता विचारत होतं. मी आत आलो तर तिनं कपाट उघडून रजिस्ट्री टेबलावर काढून ठेवली होती. "जा आणि त्यांना देऊन या. आपण भाड्यानं राहू. मला या आवाजाचा कंटाळा आला आहे."

त्याच वकिलाकडून मी बक्षीसपत्र तयार करून घेतलं. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला. सकाळच्या बसनं रामटेकला गेलो. वाटेत तीनदा पिशवी उघडून कागद आहे का बघितलं. काय म्हणायचं ते पाठ करत होतो. 'बाई, उशीर झाला.' नको. 'बाई, तुमची वस्तू.' नको. गडाच्या पायथ्याशी उतरलो तरी पहिलं वाक्य सापडलं नव्हतं.

ऑफिसात म्हणाले, त्या तर मागेच मुदतीआधी निवृत्त झाल्या. पत्ता मिळाला. तळ्याच्या वाटेवर एका घराच्या मागची एक खोली. कुलूप होतं. पुढच्या घरातून एक म्हातारी आली, तीच घरमालकीण. धान पाखडत होती, सूप तसंच हातात घेऊन आली.

"बाई आहेत का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाई दिवाईच्या आधीच गेल्या ना गा. पंधरा दिवस ताप होता. भाऊ येऊन घेऊन गेले, तिकडंच आटोपलं सारं. तुमाले नाई कळलं?"

मी ओट्यावर बसलो. ती आत गेली, पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "इथं एकट्याच राहायच्या?"

"एकट्याच. मी किती डाव म्हनलं, बाई, नागपुरात तुमचं सोताचं घर हाय, मंग इथं एका खोलीत काहून राहता? तिकडं जाऊन राहा ना आरामानं."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"काय म्हणायच्या मग?"

"म्हनत, तिथं भाडेकरू हायेत. चांगली मानसं हायेत, लेकरंबाळं हायेत. त्यायले निघा कसं म्हनू. लय जीव होता त्यायचा त्या घरात. भितीले मीच पानी मारलं म्हनत. इथं कोनी नवं मानूस आलं की पयले त्याले घराचंच सांगे." म्हातारीनं आता मला नीट पाहिलं, माझा इस्त्रीचा शर्ट, माझी पिशवी. "तुमी नागपूरहून आले का?"

"हो."

"मंग तुमी त्यायचे भाडेकरू तं नाई?"

तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी काहीही सांगू शकत होतो. ऑफिसातला म्हणून सांगू शकत होतो, आणि ते खरंही होतं.

"हो," मी म्हणालो. "भाडेकरू."

म्हातारीचा चेहरा उजळला. बाई खोटं बोलत नव्हत्या, असं तिला वाटलं असावं. पदर सावरत ती माझ्याजवळ ओट्यावर बसली.

"भाडं द्याले आले असान," ती म्हणाली. "आता कोनाले द्यान गा?"